एसी चालू असूनही गिअरपाशी आणि पायाखाली गाडी तापते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तासभर गाडी चालवली की गिअर लिव्हरभोवती आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पायाशी नकोशी गरमी येते, एसी पूर्ण असला तरी. मग कार्पेटखाली चंदेरी फॉइलची शीट घालावी, की सरळ सायलेन्सरच्या पाइपला हीट रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळावा, असा प्रश्न आहे. माझं ऐकाल तर आत्ता दोन्ही नको. यातल्या पहिल्यासारखंच काहीसं मी करून बसलोय.

माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी सेदान होती. गिअरशेजारच्या खाचेत ठेवलेली पाण्याची बाटली तासाभरात अंघोळीच्या पाण्यासारखी व्हायची. दोन सुट्ट्या घालवून मी सीटा काढल्या, कार्पेट उचललं, पत्र्यावर ब्युटाइलची शीट चिकटवली, वर फोम घातला. गाडी छान शांत झाली, पण पाय होता तसाच भाजत राहिला. ब्युटाइलची शीट पत्र्याची थरथर मारण्यासाठी असते, उष्णता अडवायचं काम तिचं नव्हेच. (त्यातही स्वस्तातली डांबरी शीट तापली की मऊ पडते आणि आठवडाभर नवीन रस्त्यासारखा वास मारते.) खरा दोष निघाला गिअर लिव्हरच्या खालच्या रबरी बुटात, म्हणजे तिथलं भोक झाकणाऱ्या आवरणात. वरचं लेदरचं कव्हर दिसायला धडधाकट, पण त्याखालचं रबर अंगठा जाईल एवढं फाटलेलं. गिअरबॉक्सवरून येणारी गरम हवा त्यातून थेट वर. नवा बूट बसवायला तासही लागला नाही.

म्हणून आधी गरमी कुठल्या वाटेनं येते ते शोधा.

सुरुवात हीटरपासून करा, कारण तिथे पैसा लागत नाही. गाडी नीट तापल्यावर एसी बंद, तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर, बाहेरची हवा आत, पंखा मध्यम, आणि झोत पायाकडे. येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम लागली, तर पहिला संशय सायलेन्सरवर नको, हीटरवर घ्या. बहुधा हीटरचा व्हॉल्व्ह किंवा आतली हवा मिसळणारी झडप पूर्ण बंद होत नाहीये आणि इंजिनचं ९० अंशांच्या घरातलं पाणी तुमच्या पायाशी रेडिएटर चालवतंय. अशा वेळी एसी आणि हीटर एकमेकांशी भांडत बसतात.

हीटरवरचा संशय मिटला की भोकं शोधा. अंधारात एकाला बॉनेट उघडून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) जोरदार टॉर्च फिरवायला सांगा आणि तुम्ही डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. मला पहिल्यांदा तीन ठिकाणी उजेड दिसला: क्लच केबलच्या बाजूला, नंतर कुणीतरी हॉर्नसाठी ओढलेल्या वायरीशी, आणि एक भोक कशासाठी पाडलं होतं ते पाडणाऱ्यालाच ठाऊक. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी गोल चकती) बसवा. जिथे ग्रोमेट बसत नाही तिथे उष्णता सोसणारं सीलंट. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टीही तपासा. केबिनची ताजी हवा काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून घेतली जाते. ती पट्टी गेली असेल तर इंजिनवरची गरम हवा त्याच जाळीतून तुमच्या तोंडावर येते. इंजिन गार राहावं म्हणून काही जण बॉनेटची मागची बाजू वॉशर घालून उचलतात. दिसायला भारी, पण वेगात काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून गरम हवा बाहेर पडेलच याची खात्री नाही, आणि सिग्नलला थांबलात की ती हमखास आत शिरते.

दाबाची आणखी एक गंमत. पळत्या गाडीच्या काचा उघड्या असल्या की केबिनमधला दाब थोडा कमी होतो आणि खालच्या फटींतून हवा वर ओढली जाते. काचा बंद करून, पंखा चालू ठेवून, बाहेरची हवा आत घेत चालवून पाहा. एवढ्यानं गिअरपाशी फरक पडला, तर तुमचा त्रास फटींचा आहे असं बिनधास्त समजा.

आता गाडीखाली. जॅकवर भरवसा ठेवून खाली घुसू नका, रॅम्प किंवा स्टँड लावा, आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. पाइप आणि मजला यांच्यामध्ये पातळ पत्र्याचं हीट शील्ड असायला हवं, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (पाइपमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) वर. हे शील्ड बोल्टभोवती गंजून कुरतडलं जातं, मग खडखडतं, आणि आवाजाची तक्रार घेऊन गेलात की गॅरेजवाला ते उपटून फेकतो. माझ्या त्याच गाडीचं एक शील्ड असंच गेलं होतं. आवाज बंद झाला म्हणून मी वर धन्यवादही दिले होते! भोक मोठं झालं असेल तर रुंद वॉशर घालून तेच शील्ड पुन्हा कसता येतं. पाइपलाच गुंडाळलेलं शील्ड सुटलं असेल तर स्टीलचा मोठा होज क्लॅम्प पुरतो.

त्या पातळ पत्र्यानं एवढा फरक का पडतो? तापलेल्या पाइपची गरमी बरीचशी किरणांच्या रूपानं येते आणि किरणांचा जोर निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) चौथ्या घातानं वाढतो. ३०० अंश सेल्सिअसचा पाइप ६०० वर गेला की तो दुप्पट नव्हे, पाचपटीहून जास्त उष्णता फेकतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम यातला बहुतेक भाग परतवतं, पण समोर हवेची मोकळी जागा असेल तरच. कार्पेट आणि पत्रा यांच्यात दाबून बसवलेलं फॉइल काहीच परतवत नाही, तिथे ते निव्वळ धातू आहे आणि धातू उष्णता पुढे ढकलतो. म्हणून फॉइल घालायचंच असेल तर मजल्याच्या खालून, पाइपकडे तोंड करून, निदान सेंटिमीटरभर अंतर राखून. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, हँडब्रेकची केबल यांना ते घासता कामा नये. आतल्या बाजूला, सगळं झाल्यावर, बंद छिद्रांचा फोम घाला. तो पाणीही धरत नाही.

हीट रॅपबद्दल माझं मत जरा कडक आहे. उष्णता पाइपमध्ये राहते हे खरं, पण पट्टी ओल धरते आणि साध्या स्टीलचा पाइप आतल्या आत गंजतो, शिवाय पाइपचा धातूही जास्त तापतो. बिडाच्या मॅनिफोल्डला (इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाला) त्यानं तडा जाऊ शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तर गुंडाळूच नका, तो आधीच शेकडो अंशांवर काम करतो. आणि जिथे इंजिन तेल गाळतंय तिथे तेलानं भिजलेली पट्टी म्हणजे वात झाली.

गरमी अलीकडेच वाढली असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून इंजिन दाखवा. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लालबुंद होऊ शकतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. कन्व्हर्टर तुंबला, गिअरबॉक्सचं तेल कमी झालं, क्लच घसरतोय, तरी खालून गरमी वाढते.

तसंच थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो का, सांध्यापाशी काजळी दिसते का, तेही बघा. ही मॅनिफोल्ड गळतीची खूण. ज्या फटीतून गरम हवा येते त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो. गाडीत डोकं दुखतं, गुंगी येते असं होत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी वापरूच नका.

मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर चकचकीत शील्डवर तो खोटं सांगतो, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवतो. शील्ड गार असताना त्यावर मॅट काळ्या उष्णतारोधक रंगाचा ठिपका द्या आणि तिथे मोजा. आत कार्पेटवर सरळ मोजलंत तरी चालेल. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर, तोच रस्ता, तितकाच वेळ.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे की मागच्या, आणि गरमी चालत्या गाडीत जास्त की उभ्या, एवढं खाली लिहा. पुढच्या चाकांची असेल तर मजल्याच्या मधल्या उंचवट्याखालच्या बोगद्यात गिअरबॉक्स नसतो, बहुधा फक्त सायलेन्सरचा पाइप असतो, म्हणजे मी थेट शील्डकडेच बघायला सांगेन.