एजंटला पैसे देऊ का?

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, बीएस्सीला आहे. गावातल्या पोरापोरींनी मिळून नाल्यावर वनराई बंधारा बांधला. क्लायमेटच्या प्रोग्रामसाठी परदेशात पाठवतो म्हणून एक एजंट 50 हजार मागून राहिला, देऊ का?

उत्तर: नको देऊ बाई, एक रुपयाही नको! युएनच्या हवामान परिषदेत तरुणांचा अधिकृत गट आहे, यंगो, त्यात 35 वर्षांपर्यंतचे येतात, कॉपच्या (म्हणजे याच हवामान परिषदेच्या) आधी त्यांची तरुणांची परिषद भरते आणि देशोदेशी लोकल परिषदाही होतात, तू लोकलपासूनच सुरुवात कर. पुढं परदेशात जायला पासपोर्ट मात्र लागतोच, साधा 1500 रुपयांत निघतो, अर्ज टाकून दे. आणि परिषदेच्या फॉर्ममध्ये "पर्यावरणाची आवड" वगैरे लिहू नको (सगळेच लिहितात), बंधाऱ्यानं कोणाच्या विहिरीला पाणी किती दिवस टिकलं, कपाशीला एखादं ओलित जास्त भेटलं का ते लिही, फोटोसकट. इंग्रजी मोडकं असलं तरी चालते.