चिंताविकारावरची गोळी ‘एकदा सुरू केली की सुटत नाही’ हे खरे आहे का?

मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकारासाठी एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम अशी एकत्र गोळी लिहून दिली आहे, परंतु सवय लागेल या भीतीने घरची मंडळी विरोध करीत आहेत, तेव्हा ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी फार्मासिस्ट आहे. गोळी घेण्याचा निर्णय आपण आणि आपले डॉक्टर यांनीच करायचा आहे. तो करताना काय तोलावे, एवढे मी सांगू शकतो.

प्रथम गोळ्यांची पट्टी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचावा. तेथे बहुधा ‘एस्सिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ., क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ.’ असे काहीसे लिहिलेले आढळेल. या दोन औषधांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत आणि घरच्यांची भीती प्रामुख्याने दुसऱ्याला लागू पडते. क्लोनाझेपामने तासाभरात जीव शांत होतो, म्हणूनच ते हवेहवेसे वाटते. पण काही आठवडे रोज घेतल्यास शरीर त्याला सरावते, तेवढ्याच मात्रेचा गुण कमी येऊ लागतो आणि अचानक थांबवल्यास चिंता उसळते, झोप उडते, क्वचित फिटही येऊ शकते. त्याने गुंगी येते, त्यामुळे दुचाकी चालवताना जपावे लागते. दारूबरोबर तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून ते सहसा २ ते ४ आठवड्यांपुरतेच ठेवणे इष्ट मानले जाते.

एस्सिटालोप्रॅमची नशा होत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. मात्र त्याचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी वाढलेली बेचैनी. खरा फरक २ ते ६ आठवड्यांनी. औषध मानवत नाही असे समजून अनेकजण नेमके याच काळात ते सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. लैंगिक इच्छा कमी होणे हा त्रास बऱ्याच जणांना होतो, पण संकोचामुळे त्याविषयी कोणी बोलत नाही. आपण डॉक्टरांशी अवश्य बोलावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. हेही औषध एकाएकी बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते, म्हणून ते हळूहळूच कमी करावे लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपले वय २५ पेक्षा कमी असेल तर आणखी एक गोष्ट. या वयात एस्सिटालोप्रॅमसारख्या औषधांनी सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. तसे विचार आल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

आता दुसरे पारडे. चिंतेमुळे झोप, नोकरी, प्रवास, माणसांत मिसळणे हे सारे हातचे जात असेल, तर औषध न घेण्याचीही किंमत आपण रोज मोजतच आहात, आणि घरच्यांच्या हिशेबात नेमकी तीच धरलेली नसते. त्रास सौम्य असेल, तर आधी मानसशास्त्रज्ञांकडून वर्तन-बोधन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे, संवादातून होणारे उपचार, ‘सीबीटी’) घेऊन पाहणे मला अधिक योग्य वाटते. त्याचा गुण टिकाऊ असतो, मात्र लहान गावांत तो सहज मिळत नाही आणि खर्चही येतो. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्यावी, कारण त्याच्या विकारातही अशीच छाती धडधडते.

एकत्र गोळीविषयी माझा आक्षेप एकच आहे: तिच्यातले एक औषध चालू ठेवून दुसरे कमी करता येत नाही. एस्सिटालोप्रॅम बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे ६ ते १२ महिने चालू ठेवतात, आणि त्याच्या आधाराने क्लोनाझेपामही तितकेच महिने पोटात जात राहते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की, ही दोन औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत देता येतील का, आणि क्लोनाझेपाम कोणत्या तारखेपासून, कसे कमी करायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्याल का.