जकात दिली की श्रीमंत माणूस मोकळा होतो का?

इस्लाममधील जकात आणि सदका एकच आहेत का, आणि मिळकतीचे अडीच टक्के दिले की श्रीमंत माणूस गरिबांच्या बाबतीत मोकळा होतो का, असे आपण विचारले आहे. जकात हे फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान आहे, तर सदका हे ऐच्छिक दान. शिवाय अडीच टक्के मिळकतीवर नसून शिल्लक संपत्तीवर असतात. राहते घर आणि व्यवसायाची अवजारे हिशेबात धरायची नाहीत. सोने, चांदी, रोकड व विक्रीचा माल यांच्या बेरजेतून देणी वजा करायची, आणि उरलेली रक्कम निसाबाइतकी (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतकी), म्हणजे साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी, भरून तिला एक चांद्र वर्ष झाले, तर दर हजारामागे २५ द्यायचे. (अंगावरच्या दागिन्यांबाबत मतभेद आहेत, हनफी या विधिपंथाच्या मतानुसार त्यांवरही जकात द्यावी लागते.) शेतमालाचा हिशेब निराळा आहे: पावसावर पिकलेल्याचा दहावा भाग, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा.

या वाट्याला उपकार म्हटलेले मला फार खटकते, कारण कुरआनाच्या ७०व्या सूरेत (अध्यायात) तो मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क म्हणून सांगितला आहे. ९व्या सूरेच्या ६०व्या आयतीत (वचनात) जकातीचे आठ हकदार दिले असून गरिबांबरोबरच कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडकलेला प्रवासीही त्यांत येतो. आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, त्यांचा सांभाळ हे कर्तव्यच असते. गरजू भावाबहिणींना मात्र देता येते. जे संकोचाने कुणापुढे हात पसरत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात, त्यांचा उल्लेख दुसऱ्या सूरेत मुद्दाम आला आहे. अशांना ‘ही जकात आहे’ असे सांगण्याचीही गरज नाही; देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरते, त्यामुळे ईदची भेट म्हणून पाकीट हाती ठेवले तरी जकात अदा होते. देऊन नंतर बोलून दाखवले, तर ते दान वाया जाते, असेही त्याच सूरेत बजावले आहे.

आता मोकळे होण्याविषयी. फर्ज तेवढे फिटते, हे खरे. परंतु त्याच सूरेची १७७वी आयत नेकीचे वर्णन करताना नातेवाईक, अनाथ, गरजू, प्रवासी आणि मागणारे यांना आपले प्रिय धन देण्याचा उल्लेख आधी करते आणि जकातीचा त्यानंतर वेगळा करते. म्हणून वर्षाची जकात चुकती केलेल्या माणसाच्या दारी दुसऱ्या दिवशी उपाशी माणूस आला, तर ‘माझा हिशेब झाला’ असे म्हणून त्याला परत पाठवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. तिथे सदक्याचे काम सुरू होते, आणि तो देताना समोरच्याचा धर्मही पाहायचा नसतो.