वाचकांचे प्रश्न : व्ही-स्ट्रॉम ६५०, रोजच्या वापराला आणि लांबच्या वाटेला

प्रश्न : सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० ही मोटरसायकल कोरड्या रस्त्यावर उत्तम चालते. जोराच्या पावसात तासभर चालवली, किंवा प्रेशरने धुतली, की मिसिंग सुरू होतं (इंजिन अडखळत चालतं), पिकअप निम्मा होतो. दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक. गॅरेजवाले कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) बदलायला सांगताहेत. बदलू का?

थांबा, कॉइलवर खर्च करण्याआधी पुढच्या सिलिंडरचा प्लग बघा. या गाडीचं इंजिन ९० अंशांचं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी V सारखे, एक पुढे एक मागे. त्यातला पुढचा सिलिंडर थेट पुढच्या चाकामागे येतो. चाकाने उडवलेलं पाणी रेडिएटरच्या आजूबाजूने त्याच्या प्लगच्या खोबणीत उतरतं. ते बाहेर जायला हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) बाजूला एक बारीक भोक ठेवलेलं आहे. त्यात चिखल वाळून बसला की खोबणीत पाणी साचतं, ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाहेरच्या बाहेर उतरते आणि गाडी एकाच सिलिंडरवर चालते. इंजिनच्या उष्णतेने पाणी आटलं की दोष गायब. म्हणूनच गॅरेजमध्ये नेल्यावर तो सापडत नाही.

खात्री करायला गाडी बिघडलेली असतानाच, इंजिन थंड करून, पुन्हा चालू करा आणि अर्ध्या मिनिटाने दोन्ही सायलेन्सर पाइपांवर इंजिनजवळ पाण्याचे दोन-चार थेंब टाका. ज्यावर चर्र आवाज येत नाही तो सिलिंडर बंद आहे. हात लावून बघू नका.

पुढचा बंद निघाला तर रेडिएटरचे बोल्ट सैल करून तो थोडा पुढे घ्या. होजवर ताण येऊ देऊ नका. प्लगची टोपी सरळ ओढून काढा. प्लग खोलण्याआधी खोबणीत हवा मारा, नाहीतर तिथली वाळू थेट सिलिंडरमध्ये जाईल. मग, प्लग जागेवर घट्ट असतानाच, बाहेरच्या भोकातून बारीक तार आत घाला. गाळ सुटला की खोबणीत चमचाभर पाणी ओता. ते लगेच बाहेर गळायला हवं. टोपीच्या रबरी काठाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. पुढच्या मडगार्डला खाली चार-पाच इंचांची जोडपट्टी लावा, म्हणजे पाणी तिथवर पोचणंच कमी होईल. भोक दर पावसाळ्याआधी मोकळं करायचं. गाडी अशीच एका सिलिंडरवर दामटू नका; न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि खराब होतो.

प्रश्न : शहरात चौथ्या गिअरमध्ये हळू चालवताना झटके बसतात. चेन ताणून घेतली तरी फरक नाही.

चेन किती ताणली? ताणलेली चेन हे उत्तर नाही, अनेकदा तोच दोष असतो. साइड स्टँडवर, दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्रांच्या) मधोमध, चेन वर-खाली २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. पट्टी धरून मोजा. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे सर्वात घट्ट लागेल तिथलं माप धरा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेन असमान वाढलेली आहे. दोन्ही स्प्रॉकेटसकट बदला. डबलसीट बसल्यावर मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणते. आधीच घट्ट असेल तर पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील जातं.

चेन बरोबर असेल तर गिअर खाली घ्या. हे ६४५ सीसीचं इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या खाली वरच्या गिअरमध्ये ओढायला कुरकुरतं. हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

चेन साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. तारेच्या ब्रशने ओ-रिंग (चेनच्या कड्यांमधल्या रबरी चकत्या) फाटतात. तेल प्रवास संपल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने लावा.

प्रश्न : मागे जोडीदार आणि तीन पेट्या लावल्या की हँडल हलकं वाटतं, समोरचे लोक अप्पर मारतात (हेडलाइटचा झोत डोळ्यांवर येतो म्हणून इशारा देतात).

मागचा भाग बसलाय, म्हणून पुढच्या चाकावरचं वजन कमी झालंय आणि हेडलाइट वर गेलाय. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण बदलायला बाजूला हाताने फिरवायचा नॉब आहे. सामान चढवण्याआधीच तो घड्याळाच्या दिशेने फिरवून ताण वाढवा. एकट्याने चालवताना परत कमी करा, नाहीतर मागचं चाक खड्ड्यात उसळेल. हवा थंड टायरमध्ये : पुढे ३३, मागे एकट्याला ३६, डबलसीटला ४१ पीएसआय. हेडलाइट शेवटी जुळवा.

आणि पेट्या कशा भरता ते बघा. मागच्या वरच्या पेटीत फक्त हलकं सामान : जर्किन, झोपायची पिशवी. हत्यारं, पाणी, स्टोव्ह बाजूच्या पेट्यांत, तळाशी आणि पुढच्या टोकाला. पाच किलो वजन एक्सेलच्या मागे आणि वर ठेवलं की ते हँडलला जाणवतं, तेच सीटजवळ ठेवलं की विसरायला होतं.

प्रश्न : ८० च्या वर हेल्मेट सतत थरथरतं. गाडीच्या पुढे उंच काच (विंडशील्ड) बसवावी का?

आधी काच पूर्ण काढून एकदा चालवून बघा. थरथर थांबली तर दोष काचेच्या काठावरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा आहे, आणि ते बरोबर तुमच्या हेल्मेटवर येताहेत. उंच काचेने कधी ते डोक्यावरून जातात, कधी आणखी वाढतात. उंचीवर अवलंबून आहे. काचेच्या खालून हवा शिरायला जागा दिली तर मागची पोकळी भरते आणि बहुधा तिथेच सुटका होते. काच थोडी पुढे-वर नेणारा ब्रॅकेट उंच काचेच्या आधी वापरून बघा.

प्रश्न : २४,००० किलोमीटर झाले. टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या गॅपचा) आवाज अजिबात नाही. तपासणी पुढे ढकलू?

नको. आवाज नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत बसत गेला की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की इंजिन आणखी शांत होतं. पूर्ण मिटला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, तापलेला वायू निसटतो आणि काठ जळतो. थंड इंजिनवर इनटेकला ०.१० ते ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिलिमीटर हवा. माप खालच्या टोकाशी आलं असेल तर आत्ताच शिम (गॅप ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून मधोमध आणा. त्यासाठी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) उतरवावे लागतात, म्हणून ते काम पुन्हा लवकर करायची वेळ येऊ नये.

प्रश्न : खडकाळ रस्त्यावर जाण्याआधी सर्वात आधी काय बसवू?

इंजिनखाली धातूची प्लेट. या गाडीचा ऑइल फिल्टर पुढच्या चाकामागे, उघडा आणि खाली आहे. एक दगड पुरतो. प्लेट घेताना ती फिल्टर पूर्ण झाकते का आणि तेल बदलताना उतरवायला किती बोल्ट खोलावे लागतात, एवढं तपासा.