पहाटे शीळ कोण घालतं?

ताई, नवऱ्याची बदली झाली म्हणून जूनमध्ये दादरहून आंबोलीला आलो. तो आठला निघतो आणि मग मी, धुकं आणि पाऊस. सकाळ उजाडतच नाही, कुठे कुकरची शिट्टी नाही की लोकलचा भोंगा नाही, आणि उगाच रडू येतं. सगळे म्हणतात किती लकी आहेस, लोक तिथे फिरायला येतात. परवा पहाटे दारात बसले होते तर कुणीतरी शीळ घालत होतं, बाहेर जाऊन बघितलं तर कोणीच नाही. माझं डोकं तर फिरलं नाही ना?

अगं नाही गं, डोकं अगदी जागेवर आहे तुझं. तो शीळकरी कस्तूर. काळानिळा पक्षी, ओढ्याच्या आसपास राहतो आणि ऐन पावसाळ्यात पहाटे अंधारातच सुरू होतो, एखादा माणूस आपल्याच तंद्रीत शीळ घालत चाललाय असं वाटतं, त्यामुळे तू माणूस शोधायला गेलीस यात काही नवल नाही. मला तर तुझ्या पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडलं, कारण इतक्या उदास सकाळीसुद्धा तुझे कान उघडे होते.

आता रडण्याचं. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला बहुतेक या तीन-चार महिन्यांतच. दिवसचे दिवस मळभ असलं की शरीराला सकाळ झालेली नीट कळतच नाही, झोप आणि मूड दोन्ही बिघडतात. म्हणून सकाळचा चहा आत लाईट लावून घेऊ नकोस, पडवीत घे, अर्धा तास तरी बस. आभाळ कितीही भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो, डोळ्यांना फरक जाणवत नाही एवढंच. आणि बसलीस की ऐक. पावसाची रिपरिप लांबचे आवाज झाकून टाकते, म्हणून सगळं सुनं वाटतं, पण जरा उघडीप झाली की पागोळ्या, बेडूक, लांब कुठेतरी हंबरणारी गाय, एकेक ऐकू यायला लागतं.

पण नुसतं ऐकून माणसांची उणीव भरत नाही, हे मला पक्कं माहितीये, लग्नानंतरचा पहिला पावसाळा मी महाबळेश्वरला काढलाय आणि रोज दुधवाल्याची वाट बघितलीये, का तर दोन वाक्यं बोलायला मिळतील म्हणून. तेव्हा नवऱ्याला "मी बरी आहे" सांगणं आजपासून बंद. लकी आहेस म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस, ते दोन दिवस राहून परत जातात. शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला जा, घरात असलं तरी जा.

आणि हे रडू दोन आठवड्यांच्या वर रोजचंच झालं असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखव. बाहेर पडणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे वगैरे काही बघू नकोस, लगेच कर.

उद्या पहाटे कस्तूर किती वाजता सुरू झाला ते मला लिहून पाठव. मी वाट बघते.

– तुझी ताई