कॉम्प्युटरसाठी ५५० वॅटचे, ब्राँझ शिक्क्याचे दोन पॉवर सप्लाय, १२ व्होल्टला एकाचे ३६ अँपिअर, दुसऱ्याचे ४५. रत्नागिरीत कोणता घेऊ?
४५ अँपिअरवाला घ्या, थोडा महाग पडला तरी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, आणि तिथे ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट, तर ३६ म्हणजे ४३२च. ब्राँझचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या मालाबद्दल काही नाही. मी इथेच दुरुस्तीचं काम करतो. पावसाळ्यात लाइटची ये-जा सुरू झाली की 'यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं' ही तक्रार हमखास येते. त्यासाठी होल्ड-अप टाइम नक्की बघा, म्हणजे यूपीएस बॅटरीवर येईपर्यंत पॉवर सप्लाय किती तग धरतो तो वेळ. १६ मिलिसेकंदांच्या आसपास हवा. डब्यावर हा आकडा सहसा नसतो, त्या नेमक्या मॉडेलच्या चाचणी अहवालात शोधा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी आतला सर्किट वेगळा असू शकतो. वॉरंटीची वर्षंही ताडून पाहा, खाऱ्या दमट हवेत ती कामाला येतात. मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणारच नसाल तर ३६ अँपिअर भरपूर झाले, वाचलेले पैसे चांगल्या यूपीएसला घाला.