तिकीट काढून खरेदीला जावं का?

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय, पाडव्याला राहायला जायचं ठरतंय. त्याआधी गंगापूर रोडला गृहसजावटीचं चार दिवसांचं प्रदर्शन लागणार आहे. फर्निचर, गालिचे, पडदे, दिवे, किचन ट्रॉल्या, सगळं एका मांडवात. पण आत जायला माणशी ₹200 तिकीट आहे. ₹5,000 च्या वर खरेदी केली तर तिकिटाचे पैसे बिलातून वजा करतात. ह्यांचं म्हणणं, "दुकानात शिरायला कुणी पैसे घेतं का? मेन रोड आणि भांडी बाजार पालथा घाल, फुकटात." सासूबाईंना पितळेची मोठी समई घ्यायचीय, त्यांनाही न्यायचं मनात आहे. तिकीट काढून जाण्यात अर्थ आहे का? आणि गेलो तर नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : ताई, जरूर जा. सव्वीस वर्षं मी नाशिकमध्ये लोकांची घरं लावून द्यायचं काम करते, आणि आजही असं प्रदर्शन लागलं की मी तिकीट काढून जाते. तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नाही. भांडी बाजाराबद्दल ते बरोबरच बोलतायत, त्याकडे मी येते.

आधी तिकिटाचं. दोघांचे ₹400 दिले की गेटवरच मनात बसतं, हे वसूल झाले पाहिजेत. वसूल कसे होणार, तर ₹5,000 ची खरेदी केली की. म्हणजे चारशे सोडवायला पाच हजार मोडायचे. घरी बसून हे गणित कुणालाही दिसतं. पण चार तास फिरून पाय भरून आले, समोर कुशन कव्हरं रचलेली आहेत, आणि स्टॉलवाला म्हणतोय "मॅडम, तिकीट पण ॲडजस्ट होईल", तेव्हा भलेभले पाघळतात. माझ्याकडे कामासाठी आलेल्या किती घरांत अशी कव्हरं मी कपाटाच्या वरच्या खणात घडी न मोडलेली पाहिली आहेत! म्हणून ते पैसे आत पाऊल टाकतानाच विसरायचे. ते बघण्याचे, हात लावण्याचे, विचारण्याचे पैसे आहेत. रिकाम्या हातांनी बाहेर आलात तरी ते वसूल झालेले असतात.

आणि बघण्यासारखं खरंच असतं. भदोहीचे गालिचे, सहारनपूरचं लाकडावरचं कोरीव काम, मुरादाबादचं पितळ, खुर्जाची चिनी माती, आपल्या सावंतवाडीचं लाखकाम. एवढं सगळं एका दुपारी शेजारी शेजारी ठेवून हाताळता येतं. दुकानात एकच माल बघताना तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. दोन शेजारी आले की हातालाच कळतं.

आता काय बघायचं. माझं एकच सांगणं आहे : वस्तू उलटी करून बघा. हे मी कसं शिकले ते सांगते.

2011 साली आमच्या पंचवटीतल्या घरासाठी मी अशाच एका प्रदर्शनातून 5 बाय 7 चा गालिचा घेतला. किरमिजी रंग, कडेने मोतिया वेलबुट्टी, पाय ठेवला की बोटं रुतावीत इतका दाट. विकणारा म्हणाला, हाताने गाठ मारलेला, दोन पिढ्या टिकेल. ₹18,000 मोजले. तीन उन्हाळे गेले. चौथ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईला गालिचा गुंडाळायला घेतला, तर फरशीवर पिठासारखी पिवळट भुकटी. झाडून काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. मग पहिल्यांदा मी तो पूर्ण उलटा केला. पाठीला जाड कापड चिकटवलेलं होतं, एका कोपऱ्यात ते सुटलं होतं, आणि आतला रबरी थर वाळून भुगा झाला होता. गाठ एकही नव्हती. कापडात सुईयंत्राने लोकर घुसवून मागून डिंकाने धरून ठेवली होती. त्याला टफ्टेड म्हणतात. टफ्टेड गालिचा घेण्यात काही गैर नाही, पण तो त्याच्या भावात घ्यायचा असतो, हातगाठीच्या भावात नाही. मी बिल शोधून काढलं. त्यावर फक्त 'कार्पेट, 1 नग'. भांडायला हातात काही उरलं नव्हतं. आईने त्यावर बसून वर्षभर जप केला होता, म्हणून तो टाकतानाही जीव तुटला.

तेव्हा गालिच्याची पाठ बघा. हातगाठीच्या गालिच्याला मागच्या अंगानेही पुढचीच नक्षी दिसते, बारीक बारीक गाठींची, आणि टोकाच्या झिरमिळ्या त्याच्याच ताण्याचे, म्हणजे विणीतले उभे, धागे असतात. पाठीला कापड चिकटवलेलं असेल आणि झिरमिळ्या वरून शिवलेल्या असतील तर तो टफ्टेड. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

हेच लाकडाला. कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची फळी बघा, तिथे पॉलिश मारलेलं नसतं. 'शिसम' म्हणून सांगितलेलं आंब्याचं लाकूड रंगवलेलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. खुर्ची आडवी करून पाय कसे जोडलेत ते बघा. सोफा मागे कलंडवा, खालचं काळं कापड जिथे सुटलं असेल तिथून चौकट दिसते. स्टॉलवाल्याला विचारूनच करायचं अर्थात. ज्याचा माल चांगला आहे तो आनंदाने मदत करतो, स्वतःहून खण काढून दाखवतो. जो "मॅडम, वरून बघा ना, फिनिशिंग बघा" म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जावं.

रंग मात्र मांडवातल्या दिव्याखाली कधीही ठरवू नका. तिथे मुद्दाम पिवळा उजेड लावलेला असतो, त्यात सगळंच उबदार दिसतं. पडद्याचा तुकडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात धरा. तुमच्या भिंतीच्या रंगाचं कार्ड आणि फरशीचा एखादा तुकडा पिशवीत असू द्या. बिल्डरकडे उरलेल्या टाइल्स पडून असतात, मागितल्या की देतात.

सासूबाईंच्या समईसाठी मात्र तुमच्या यजमानांचं ऐका. प्रदर्शनात समई नगावर विकतात, भांडी बाजारात ती काट्यावर चढते. पितळेचा त्या दिवसाचा किलोचा भाव विचारायचा, वजन बघायचं, घडणावळ किती लावली ते समजतं. आधी तिथे जाऊन या, मग प्रदर्शनातली समई महाग की रास्त हे सासूबाईच तुम्हाला सांगतील. दोन्हीकडे फ्रिजवरचं लोहचुंबक सोबत न्या. पितळेला ते चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे. ॲल्युमिनियमला मुलामा दिलेला असेल तर चुंबक फसतं, पण उचलली की हाताला हलकी लागते. समईचे भाग सोडवून आटे फिरवून बघा, दांडी डुगडुगता कामा नये. आणि तळ उलटा करा, पोकळीत काही भरून वजन वाढवलेलं नाही ना ते बघायला.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम घरी करा. ज्या टेबलाचा विचार आहे, समजा 4 फूट बाय अडीच, तेवढ्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडून नव्या फ्लॅटच्या फरशीवर अंथरा. चारी बाजूंनी खुर्ची मागे ओढायला अडीच-तीन फूट लागतात, तेवढं मोजा, आणि मग घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत चालायला लावा. हाच प्रयोग सोफ्यासाठी आणि पलंगासाठी. मांडवाचं छत उंच असतं, चहूबाजूंनी मोकळं, तिथे सात फुटी सोफा दिवाणासारखा दिसतो. तुमच्या दहा फुटी हॉलमध्ये तो भिंत होतो. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणावरची जागा हीसुद्धा वहीत लिहून न्या.

किचन ट्रॉलीवाल्यांचे स्टॉल दाराशीच असतील, "आज बुक केलं तर एवढी सूट" म्हणत. आगाऊ पैसे देऊ नका. ओट्याचं माप घ्यायला माणूस घरी येऊ दे, कोटेशन लेखी येऊ दे, आणि त्यात प्लाय कोणता ते नंबरासकट येऊ दे. आयएस 303 म्हणजे साधा कमर्शियल, आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. सिंकखालच्या कपाटाला 710 च हवा. नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलेलं कोटेशन मी परत पाठवते.

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी दार उघडताच गेलात तर कारागीर स्वतः स्टॉलवर मोकळा असतो, बोलतो, शिकवतो. सासूबाईंसाठी पाण्याची बाटली आणि एक घडीची खुर्ची गाडीत टाका. जड सामानाला शेवटच्या संध्याकाळी भाव उतरतो, कारण पुन्हा ट्रकमध्ये भरणं कुणाला नको असतं. पण तोवर मनातली वस्तू राहील याची खात्री नसते.

आणि बिलावर शब्द लिहून घ्या. 'हँड नॉटेड, लोकर'. 'शिसम, भरीव'. 'पितळ'. विकताना जे तोंडाने सांगितलं, ते कागदावर आलंच पाहिजे. का, ते पुढच्या पत्रातून कळेल.

प्रश्न : मागच्या महिन्यात तिकीट काढून एका प्रदर्शनातून शिसमचं सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल बुक केलं. ₹38,000. माल बारा दिवसांपूर्वी घरी आला. आता एका पायाला बारीक भोकं दिसतायत आणि खाली पांढरी पूड पडते. विकणारा परराज्यातला आहे. फोनवर म्हणतो, "प्रदर्शनातला माल परत होत नाही, बिलावर छापलंय." आता काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझा गालिचा आठवला. पण माझ्यापेक्षा तुमची बाजू भक्कम आहे, कारण तुमच्या बिलावर 'शिसम' लिहिलंय असं तुम्ही पुढे कळवलंय.

ती कीड आहे, बोरर. शिसमच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या पांढरट लाकडाला लागते. म्हणजे त्या पायात पांढरं लाकूड वापरलं असण्याचीच शक्यता जास्त. टेबल बाकीच्या लाकडी सामानापासून लांब सरकवा. प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढा, सगळी पूड ब्रशने झटका, खाली काळा कागद ठेवा. चार दिवसांनी कागदावर नवी पूड असेल तर कीड जिवंत आहे. रोज तारीख दिसेल असा फोटो काढा. औषध सध्या मारू नका, पुरावा जाईल.

बिलावर छापलेल्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे बारा दिवस गेलेत, म्हणून आजच लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर फोटोंसकट, आणि बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने. मागणी स्पष्ट लिहा : टेबल बदलून द्या किंवा पैसे परत करा.

उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच विक्रेते तिथला फोन गेला की बोलायला लागतात. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा परराज्यातला असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. ₹5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आयोजकांनाही एक पत्र टाका. तिकीट त्यांनी घेतलंय, स्टॉलधारकाचा पूर्ण पत्ता त्यांच्याकडे असतो.

तुमची पावती यंत्रावर छापलेली, गुळगुळीत कागदाची असेल तर तिची आज झेरॉक्स काढा. ती अक्षरं उन्हाने आणि पाकिटातल्या उबेने पुसट होतात. तिकीटही फेकलं नसेल तर त्याच पाकिटात ठेवा, त्यावर तारीख आहे.